ताज्या कलमातला प्रश्न

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक हृदयरोगतज्ज्ञ आहेत, वय ३४. शाळा सोलापुरात झाली, हृदयरोगातली डीएम ही पदवी राज्याबाहेर, आणि त्यानंतर वर्षभर एका महानगरात हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप करू न शकण्याच्या आजाराची, फेलोशिप. आता समोर दोन वाटा आहेत. युरोपातल्या एका विद्यापीठ रुग्णालयाने दोन वर्षांची संशोधन फेलोशिप देऊ केली आहे, विद्यावेतन बेताचंच. दुसरीकडे सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाची नवी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचा विभाग, आहे. पगार चांगला, शिवाय प्रत्येक अँजिओप्लास्टीमागे वेगळे पैसे. पती सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहेत, मुलगी चार वर्षांची, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. वडील म्हणतात, "ज्याच्याकडे पेशंट नाहीत त्यानं संशोधन करावं. तुझ्या हातात कसब आहे, ते वापर." वाचक लिहितात, "सोलापूरला परतले तर संशोधन संपलं, स्टेंट टाकत म्हातारी होईन. गेले तर घरच्यांच्या दृष्टीने मी स्वार्थी. काय करू?" पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे. दिवाळीत माहेरी आल्या असताना विडी घरकुलातली २७ वर्षांची एक बाई त्यांना भेटली. बाळंत होऊन दोन महिने झालेले, धाप लागते म्हणून भरती केलेली, घरी सोडल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा भरती. "आपल्या जिल्ह्यात अशा किती असतील कुणास ठाऊक."

डॉक्टर,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं पगार, कर्ज, वडील आणि व्हिसा यांत गेली आणि अगदी शेवटी, उरलेल्या जागेत, ती विडी घरकुलातली बाई आली. मी उत्तराला तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रात संशोधकाचा म्हणावा असा प्रश्न तेवढ्या एका ओळीत आहे: अशा किती असतील? बाकीचे प्रश्न नोकरीचे आहेत. तेही लहान नाहीत, त्यांच्याकडे येतेच.

मी सोलापुरात तीस वर्षं मेडिसिन शिकवलं. बाळंतिणीला धाप लागली की घरात काय बोललं जातं ते मला पाठ आहे. अंगात रक्त नाही. वारं लागलं असेल. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, पायाला सूज येणारच. रात्री आडवं झालं की जीव घाबरतो म्हणून ती भिंतीला टेकून बसते, आणि घरच्यांना वाटतं बाळ झोपू देत नाही. महिना असाच जातो. शेवटी कुणीतरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतं आणि कागदावर येतं, पंपिंग २५ टक्के, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद निम्म्याहूनही कमी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतर पाचेक महिन्यांपर्यंत, दुसरं काही कारण नसताना हृदय असं कमजोर झालं तर त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हे तुम्हाला सांगायला नको, पण हे सदर इतरही वाचतात. औषधं वेळेवर सुरू झाली तर यातल्या बऱ्याच बायका सहा महिन्यांत सावरतात. ज्या पूर्ण सावरत नाहीत त्यांना पुढचं बाळंतपण जिवावर बेतू शकतं. म्हणून ती बाई तीन आठवड्यांत परत का आली हे कळायला हवं. गोळ्या संपल्या? बाळ अंगावर पितंय म्हणून भीतीने बंद केल्या? कुणी शेजारणीने सांगितलं? की डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं कुणाला वाचताच आलं नाही?

या आजारावरचं गाजलेलं काम कुठे झालं ते तुम्ही वाचलेलंच असणार, तरी पुन्हा आठवा. जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रयोगशाळेत डेनिस हिल्फिकर-क्लाइनर यांच्या गटाने २००७ साली उंदरांवर दाखवलं की दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचाच एक तुटलेला तुकडा हृदयाला इजा करतो. मग प्रोलॅक्टिन थांबवणारी ब्रोमोक्रिप्टिन ही जुनी, स्वस्त गोळी देऊन बघायचं ठरलं. पण हॅनोव्हरमध्ये अशा बाळंतिणी होत्या किती? त्या होत्या दक्षिण आफ्रिकेत, सोवेटोत, कॅरेन स्लिवा यांच्या दवाखान्यात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बायका फक्त २० होत्या, दहा-दहाचे दोन गट. गोळी मिळालेल्यांचं पंपिंग सहा महिन्यांत २७ वरून ५८ टक्क्यांवर गेलं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं ३६ पर्यंतच आलं. वीस बायकांच्या चाचणीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. शिवाय ती गोळी दूध बंद करते, म्हणजे वरच्या दुधाचा खर्च आणि ते कालवायला पाणी कुठलं हे प्रश्न आलेच, आणि ते सोवेटोइतकेच विडी घरकुलातही येतील. मला एवढंच दाखवायचंय की प्रयोगशाळेजवळ रुग्ण नव्हते आणि रुग्णांजवळ ती प्रयोगशाळा नव्हती. दोन्हीकडच्या संशोधक बायकांनी एकमेकींना धरलं तेव्हा काम झालं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की संशोधन नावाची वस्तू युरोपात ठेवलेली आहे आणि ती आणायला जावं लागतं. दुसरं गृहीत त्याहून घट्ट आहे: सोलापूर म्हणजे संशोधनाचा शेवट. पहिल्यात थोडं तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलू. दुसरं मात्र मला मान्य नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको, बार्शीला जाऊ. एसटीने दोन तास. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन कुणाला कॅन्सर झाला, कोण वारलं, हे वर्षानुवर्षं लिहून काढायचं, एवढंच ते काम. वरवर पाहिलं तर कारकुनी. पण त्या नोंदणीमुळे आणि त्या लोकांच्या हाताला लागलेल्या सवयीमुळे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गावांचे ५२ समूह करून १ लाख ३१ हजारांवर बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी होऊ शकली. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. २००९ साली ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांत ते दाखल्यासारखं वापरलं जातं. टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था बरोबर होत्या, हे खरं. पण बायका आपल्या भागातल्या होत्या, आणि त्यांच्या दारात जाणारी माणसंही इथलीच.

हृदयाचंच उदाहरण हवं असेल तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं घ्या. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली माणसं छातीत पाणी भरून डोळ्यांदेखत जात होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. कुठलं लक्षण आधी येतं, कुठलं नंतर, सगळं टिपून ठेवलं, आणि १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिनची गोळी देऊन त्यांनी विंचूदंशाचे मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. तेही एक प्रकारचं हार्ट फेल्युअरच, आणि ते उलगडलं कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात.

आता माझी एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत, मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे, छातीत पाणी भरून आलेल्या प्रत्येक रुग्णाची मी रजिस्टरमध्ये नोंद करायची. नाव, गाव, वय, व्यवसाय, सूज कुठवर, गोळ्या कुठल्या. लांबट, जाड पुठ्ठ्याची, लाल कडेची सहा रजिस्टरं भरली होती. वेळ मिळाला की त्याचा पेपर लिहू, असं मनात होतं. मग वॉर्डाची रंगरंगोटी निघाली, मी त्या आठवड्यात मुलाच्या लग्नासाठी रजेवर होते, आणि परत आले तेव्हा कपाटासकट सगळं रद्दीत गेलेलं. खूप रडले. पण खरं सांगायचं तर ती रजिस्टरं घरी असती तरी त्यातून फारसं काही निघालं नसतं. त्यात एक रकानाच नव्हता: घरी गेल्यावर पुढे काय झालं. कोण जगलं, कोण गेलं, कधी, कशाने. मला ते विचारायचं सुचलं नव्हतं, कारण ते कसं विचारायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या पहिल्या गृहीतात तथ्य आहे म्हणाले ते यासाठी. सोलापुरात रुग्ण आहेत, प्रश्न आहेत. पद्धत शिकवणारं माणूस मिळणं अवघड आहे. नमुना किती घ्यायचा, तुलना कुणाशी करायची, मधेच सुटून गेलेल्या रुग्णांचा हिशोब कसा धरायचा, हे अंगवळणी पडायला कुणाच्या तरी हाताखाली काही काळ काढावाच लागतो.

म्हणून युरोपच्या प्रस्तावाकडे त्या नजरेने बघा. रुग्णालयाचं नाव किती मोठं यापेक्षा तिथे तुमच्या हाताला काय लागणार, हे पत्र लिहून विचारा. मला स्वतःचा प्रश्न घेऊन काम करता येईल, की कुणाच्यातरी तयार माहितीवर तक्ते काढत बसायचं? संख्याशास्त्राचं आणि चाचण्यांची आखणी करण्याचं रीतसर शिक्षण त्यात धरलं आहे का? तुमच्या आधी तिथे गेलेले भारतीय डॉक्टर आज कुठे आहेत, आणि त्यांतल्या दोघांशी बोलता येईल का? परत गेल्यावर माझ्याबरोबर काम चालू ठेवायची तुमची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा. आणि एक विचारायला तुम्ही लाजाल, तरी विचारा: रुजू होण्याची तारीख आठ-दहा महिने पुढे ढकलता येईल का? आपल्याकडच्या मुलांना वाटतं असं विचारलं की संधीच जाईल. नीट कारण सांगून विचारलं तर पुष्कळदा वेळ मिळतो.

ते आठ-दहा महिने कशासाठी, ते सांगते.

'स्टेंट टाकत म्हातारी होईन' हे वाक्य मला खुपलं. स्टेंटला कमी लेखू नका. भारतातल्या हार्ट फेल्युअरच्या दोन मोठ्या नोंदण्या तुम्हाला माहीत आहेत. तिरुवनंतपुरमची २०१३ सालची, १८ रुग्णालयांतले १२०५ रुग्ण. आणि नंतरची राष्ट्रीय नोंदणी, ५३ रुग्णालयांतले १० हजारांवर रुग्ण. दोन्हींत दर दहांतल्या साधारण सात जणांचं हृदय कमजोर झालं ते रक्तवाहिन्यांच्या आजाराने, आणि रुग्णांचं सरासरी वय साठीच्या आसपास. म्हणजे आज रात्री दोन वाजता ज्याची बंद वाहिनी तुम्ही उघडाल, त्याच्या हृदयाचे वाचलेले स्नायू हेच पाच वर्षांनंतरचं न झालेलं हार्ट फेल्युअर. आणि मोहोळहून, मंगळवेढ्याहून जो बारा तास उशिरा पोचला, तो पुढे तुमच्या ओपीडीत पाय सुजवून येणार. कॅथलॅबमध्ये तुम्हाला आजाराचं पहिलं पान दिसेल. पुढची पानं बघायची सोय मात्र मागून घ्यावी लागेल.

त्याच तिरुवनंतपुरम नोंदणीतला एक आकडा मी वर्गात फळ्यावर लिहायची: पाच वर्षांत ५९ टक्के रुग्ण गेले. मुलं गप्प व्हायची. पुष्कळ कॅन्सर याहून बरे म्हणायचे. आणि हा आकडा कळला तो कुणी भारी यंत्र आणलं म्हणून नव्हे, कुणीतरी पाच वर्षं फोन करत राहिलं म्हणून.

तेव्हा कॅथलॅबच्या मालकांशी करार करताना पैशाआधी एक दुपार मागा. आठवड्यातून एक, समजा मंगळवार, दोन ते सहा. त्या वेळात अँजिओग्राफी नाही, इमर्जन्सी दुसऱ्याने बघायची. एक नर्स, दर मंगळवारी तीच, बदलून दुसरी नाही. एक वेगळा मोबाइल नंबर. इकोच्या चार जागा राखून. हे तोंडी ठरवू नका, करारात लिहून घ्या. मालक म्हणतील, यातून मिळणार काय? खरं सांगा, थेट फार नाही. पण घरी सोडलेल्या रुग्णाला महिन्याभरात पुन्हा भरती व्हावं लागलं नाही, तर तो गावात जाऊन त्या रुग्णालयाचं कौतुक करतो, हे सोलापुरातल्या कुठल्याही मालकाला कळतं.

त्या मंगळवारात काय करायचं? २०२२ साली स्ट्राँग-एचएफ नावाची चाचणी आली. हार्ट फेल्युअरचे १०७८ रुग्ण. रुग्णालयातून घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधांचे डोस पूर्ण मात्रेपर्यंत न्यायचे आणि त्यासाठी रुग्णाला पुनःपुन्हा बोलावून बीपी, नाडी, पोटॅशियम, किडनी तपासत राहायचं, एवढंच त्यांनी केलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती २३ टक्क्यांवरून १५ वर आली. यात कॅथलॅबसुद्धा लागत नाही. हार्ट फेल्युअरच्या औषधांतली एक, डापाग्लिफ्लोझिन, तिचं मूळ पेटंट २०२० साली संपल्यापासून तीही गोळी गरिबाच्या आवाक्यात आली आहे. मग आपल्याकडे हे होत का नाही? राष्ट्रीय नोंदणीत पंपिंग कमी असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांनाही ठरलेली औषधं पूर्ण मिळत नव्हती. सोलापुरात ते कुठे अडतं, डॉक्टरपाशी, मेडिकलच्या दुकानात, एसटीच्या भाड्यात, की घरातल्या पुरुषाला सुट्टी नाही म्हणून बाईला कुणी आणत नाही, हे शोधणं हेच एक पूर्ण संशोधन आहे.

मला स्वतःला कुतूहल आहे ते दोन गोष्टींचं. एक म्हणजे मीठ. २०२२ सालच्या सोडियम-एचएफ चाचणीत सहा देशांतले ८०६ रुग्ण होते. कडक मीठबंदीने मृत्यू किंवा भरती यांत ठळक फरक पडला नाही. त्या सहांत भारत नव्हता. आपण मात्र प्रत्येकाला 'मीठ कमी खा' सांगतो आणि तो मान डोलावतो. कारण आपल्या ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतंच! सगळं मीठ शेंगाच्या चटणीत, ठेच्यात, लोणच्यात. एका आजींनी मला शपथेवर सांगितलं होतं की त्या मीठ खातच नाहीत. त्यांच्या सुनेने ताटातला चटणीचा डाव दाखवला. सोलापूरच्या ताटात खरंच किती मीठ असतं, चोवीस तासांची लघवी गोळा करून कुणीतरी मोजायला हवं.

दुसरं, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास उभा असलेला माणूस घामाने निथळत असतो, आणि वरून आपण त्याला लघवीची गोळी दिलेली असते, पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. मे महिन्यात असे किती रुग्ण चक्कर येऊन पडतात, कितींचं क्रिएटिनिन चढतं, म्हणजे किडनीवर ताण येतो, उन्हाळ्यापुरता डोस कमी करावा का? थंड देशात लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वं याचं उत्तर देणार नाहीत. ते सोलापूरनेच द्यायला हवं.

आणि वजन. हार्ट फेल्युअरच्या प्रत्येकाला आपण सांगतो, रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर कळवा. काटा कुणाच्या घरी असतो? माझा एक रुग्ण होता, अशोक चौकाकडचा विणकर, बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. त्याची बायको त्याला रोज पहाटे कारखान्यात नेऊन सुताची पोती तोलायच्या काट्यावर उभं करायची आणि आकडा कॅलेंडरच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. दूधवाल्याच्या लिटरांच्या शेजारी नवऱ्याचे किलो. महिना संपला की ते पान फाडून, घडी घालून माझ्याकडे आणायची. श्रावणात एकदा तिने मला फोन केला, "मॅडम, सोमवारपासून दीड वाढला." गोळी वाढवली, भरती टळली. हे माहितीचं संकलन आहे, डॉक्टर, आणि ते एका शाळा न शिकलेल्या बाईने केलेलं आहे. अशा पन्नास बायका तुम्हाला इथे मिळतील.

मात्र, पेशंट बघणं आणि संशोधन करणं यांतली रेष नीट पाळा. माहिती अभ्यासासाठी वापरायची असेल तर सुरू करण्याआधी नोंदणीकृत एथिक्स कमिटीची परवानगी लागते, मागाहून घेतलेली चालत नाही. खासगी रुग्णालयाकडे कमिटी नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला बरोबर घ्या. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. सिव्हिलच्या बाळंतिणीच्या वॉर्डाशी जोडून घेतल्याशिवाय तुमच्या ताज्या कलमातला प्रश्न सुटणारच नाही, कारण त्या बायका आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दिसतात. औषधाची चाचणी करायची असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत, नोंद करा. संमतीपत्र मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही हवं, आणि ते वाचून दाखवणारं माणूस हवं. संख्याशास्त्रज्ञाला सगळी माहिती गोळा झाल्यावर बोलवू नका, आधी बोलवा. कंपन्यांच्या मोठ्या चाचण्यांत केंद्र म्हणून सामील व्हायला बोलावतील. एखादी जरूर घ्या, शिस्त शिकायला मिळते, नर्सला प्रशिक्षण मिळतं. पण प्रश्न त्यांचा असतो, हे विसरू नका. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं किडनीच्या, मधुमेहाच्या, मेंदूच्या तरुण डॉक्टरांनाही लागू आहे. मला दर वर्षी अशी दोन-तीन पत्रं येतात, लातूरहून, नांदेडहून, जळगावहून. एक दुपार, एक नर्स, एक फोन, एक प्रश्न. याहून मोठी सुरुवात करू नका, नाहीतर सहा महिन्यांत दमाल.

आता वडील. त्यांचं वाक्य तुम्ही कडवटपणे लिहिलंय. मला त्यात कर्जाची धास्ती ऐकू येते. मुलीला शिकवायला त्यांनी काय गहाण टाकलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण काहीतरी असणार. त्यांच्याशी संशोधनाच्या महतीवर वाद घालू नका. एका कागदावर हिशोब मांडा: हप्ता किती, आठ-दहा महिन्यांत कॅथलॅबमधून किती फिटेल, दोन वर्षं परदेशी असताना हप्ता कोण भरेल, विद्यावेतनातून किती उरेल. आकडे दिसले की वडीलमाणसं मऊ होतात. आणि नवऱ्याशी वेगळं बोला. पत्रात ते एकदाच येतात, 'पती पॅथॉलॉजिस्ट' एवढंच. त्यांना काय वाटतं? मुलगी कुणाजवळ राहणार? पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मंगळवारी संध्याकाळपर्यंत हातात पडायला हवं असेल तर ते या कामात तुमचे पहिले सहकारी होऊ शकतात, हे तुमच्या लक्षात आलंय का?

स्वार्थी हा शब्दही काढून टाका. १९७५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या सात रुग्णांना हृदयाची गती मंदावणारं बीटा-ब्लॉकर हे औषध दिलं. सात! तेव्हाच्या पुस्तकांत हे औषध अशा रुग्णाला विषासमान मानलेलं. त्यांचे रुग्ण सुधारले, तरी जगाचा विश्वास बसायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी दोन मोठ्या चाचण्यांनी मृत्यू एक तृतीयांशाने घटतात असं दाखवलं. मधली २४ वर्षं त्या माणसांनाही घरदार, लेकरं, हप्ते असणारच. इतका लांबचा पल्ला आहे, म्हणून आठ महिने इकडे की तिकडे याने तुमची कारकीर्द ठरणार नाही.

माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. युरोपने तारीख पुढे ढकलली तर आधी सोलापूरला या, मंगळवार सुरू करा, पहिले पन्नास रुग्ण नीट नोंदवा, आणि मग तो प्रश्न बरोबर घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलात तर तिथले लोक त्यांचं काम तुमच्या हाती देतील. प्रश्न घेऊन गेलात तर ते तुम्हाला पद्धत देतील. जाण्याआधी कॅथलॅबशी परतीचं बोलून ठेवा आणि मंगळवार एखाद्या विश्वासू फिजिशियनच्या हाती सोपवा, नाहीतर सुरू केलेल्या रुग्णांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. तारीख ढकलली नाही, पण माझ्या चारही प्रश्नांना चांगली उत्तरं आली, तर जा. दोन वर्षांत चार वर्षांची मुलगी सहा वर्षांची होते, आईला विसरत नाही. उत्तरं गुळमुळीत आली तर राहा. पद्धत शिकायला दुसऱ्या वाटा आहेत. आयसीएमआरची अनुदानं आहेत, इंडिया अलायन्सच्या डॉक्टरांसाठीच्या फेलोशिप आहेत, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतले लोक महिनाभर येऊन बसू का विचारलं तर नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

एक मात्र या आठवड्यातच करा, निर्णयाची वाट न पाहता. ती विडी घरकुलातली बाई दुसऱ्यांदा भरती झाली, इथवर तुम्ही लिहिलंय. पुढचं लिहिलेलं नाही. ती घरी आली का, गोळ्या चालू आहेत का, पुन्हा इको कधी आहे, पाळणा लांबवण्याबद्दल तिच्याशी कुणी बोललं का? तुमच्या आईला तिचं घर माहीत असेल. कुणाला तरी पाठवा, जमलं तर स्वतः फोनवर बोला, डॉक्टर म्हणून तिला जे सांगायला हवं ते सांगा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.